सवळातली अर्धी विहीर

लोक प्रवासाला जातात ते देव बघायला, नाहीतर हवा बदलायला. मी गेलो तो एक खड्डा बघायला. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी दुकानात कोणी टिकाव किंवा पहार जमिनीवर टाकली की माझे लक्ष भावावरून उडते. म्हणून हे लिहून टाकतो आहे. त्या बाजूला कोणी सहसा जात नाही, आणि जाऊ नये असेच माझे मत आहे.

सोलापुरात नवी पेठेत माझे घोंगड्यांचे दुकान आहे. मला गादीवर बसलेला पाहणाऱ्यांना वाटते, हा जन्मापासून असाच लोडाला टेकलेला असणार. तसे नाही. घोंगड्यांची चवड खांद्यावर घेऊन मी जेऊरचा बाजार केला आहे, टेंभुर्णीचा बाजार अनवाणी केला आहे. भाव करताना मला कोणी हरवल्याचे मला तरी आठवत नाही. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा आहे, हेही लोक सांगतात. सांगोत.

आश्विन चालू होता. मृगाने बरी सुरुवात करून दिली होती आणि पुढची सगळी नक्षत्रे कोरडी गेली होती. रोज दुपारी नैर्ऋत्येला ढग उभे राहत, पेठेतले दुकानदार पायरीवर येऊन मान वर करून बघत, आणि संध्याकाळी आकाश पुन्हा पुसल्यासारखे होई. अशा एका दुपारी सरहद्दीकडचा एक धनगर लोकर घेऊन आला. भाव ठरला, लोकर तोलली, तरी तो उठेना.

"सिद्रामशेट, तुमच्या अक्काचा सांगावा हाय," तो म्हणाला. "दाजी हीर खंदायला लागल्यात."

"मग खणू दे की."

"वडार सोडून गेलं न्हवं. आता एकलंच उतरत्यात खाली. अक्का म्हनली, शिदू आला तर ह्यास्नी वर काडंल. दुसऱ्या कुनाच्यानं ते निघायचं न्हाईत."

मी म्हणालो, "त्या उंबऱ्याला मी पाय लावणार नाही."

कारण सांगतो. आमच्याकडे लग्नात नवरीला तिचा मामा बोहल्यापर्यंत आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीमागे उभा राहतो. अक्काच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला मी नवे धोतर नेसून, भाचीसाठी जरीचे लुगडे घेऊन गेलो होतो. ऐन वेळी दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, आपल्या गावकीतला कोणी दूरचा माणूस तिच्या मागे उभा केला. सख्खा मामा मांडवात, पाहुण्यांच्या गर्दीत, अक्षता मुठीत धरून. मी जेवलो नाही. तसाच चालत स्टेशनावर आलो. त्यानंतर अक्का दिवाळीला येते, ओवाळते आणि जाते. दाजींचे नाव ती काढत नाही, मी विचारत नाही.

धनगर गेला. पण "वडार सोडून गेलं" हे काही डोक्यातून जाईना. वडारांचा जन्म दगड फोडण्यात जातो. कामावर जिवाची पर्वा करणारी ती माणसे नव्हेत. ती जर हातचे काम टाकून बायका-मुलांसह पाल उचलून निघून गेली असतील, तर त्यांनी त्या खड्ड्यात काय पाहिले असेल? दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघालो. जाताना घरात सांगितले, लोकर बघायला चाललो आहे.

अक्कलकोटच्या पुढे

स्टेशनाबाहेर एकच बैलगाडी होती. गाडीवान इमाम, दाढी मेंदीची, तोंडात पान. भाडे माझ्या मनासारखे ठरले, इतके चटकन की मला संशय आला.

"एक शर्त है, सेठ," तो म्हणाला. "बादल चढ्या तो मैं गाडी वहींच छोड देतऊं. बैलां लेके चला जातऊं. बाद में गुस्सा नक्को."

"एवढं काय आहे तिकडे?"

"सवळ है," एवढेच तो म्हणाला आणि बैलांना हाकले.

सवळ म्हणजे खारी, चोपण जमीन. त्या भागात कानडी बोलणारेही हाच शब्द वापरतात. आमच्या बाजूची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते, तरी तिचे भय वाटत नाही. ती पावसाची वाट बघत असते, हे पोरालाही कळते. दोन-तीन कोस आम्ही तसल्याच काळ्या रानातून गेलो. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली होती. मग काळा रंग फिका पडत गेला, राखेसारखा झाला आणि एका ओढ्यापलीकडे जमीन पांढरी झाली. झाड नाही. कुठे तरवडाचे झुडूप, कुठे कमरेएवढी खुरटलेली बाभळ, आणि मधूनमधून कुसळी गवत. मातीवर पांढरी पापडी धरलेली. पाय पडला की ती करकरून फुटायची आणि खालची माती बुटाला पिठासारखी चिकटायची. परीट लोक हीच माती कपडे धुवायला नेतात असे इमामने सांगितले. तेवढाच तिचा उपयोग.

ओढ्याने जिथे काठ कापला होता तिथे मी जमिनीचे पोट पाहिले. माती कमरेइतकीसुद्धा खोल नव्हती. तिच्याखाली दगड, पण आमच्याकडचा काळा फत्तर नव्हे. करडा-हिरवा, पापुद्र्यापापुद्र्याचा, जणू शाळेतल्या पाट्यांची चवड कोणी पुरून ठेवली आहे. मी एक पापुद्रा उपसला. बोटांनी दाबला तर त्याचा भुगा झाला. असल्या दगडात माणूस विहीर खणतो आहे, हा विचार तिथे पहिल्यांदा अंगावर आला.

थोडे पुढे गेल्यावर चाकांचा आवाज बदलला. इतका वेळ करकर होती, आता रिकाम्या पेटीवरून गाडी जावी तसा घुमू लागला. इमाम ताबडतोब खाली उतरला आणि काठीने जमीन ठोकत बैलांपुढे चालू लागला.

"नीचे खाली रहता, सेठ. भेग में से पानी अंदर जाता, माटी खाता, उप्पर का छप्पर वैसाच रहता. दिखताच नै."

"मग हा रस्ता कशाला घेतलास?"

"दुसरा रस्ता किधर है? तुमेच बताव."

त्याने काठीने डावीकडे दाखवले. तिथे जमिनीत एक भोक होते आणि भोकातून दोन शिंगे वर आली होती. जवळ जाऊन पाहिले, तर आत गाईचा सांगाडा उभाच्या उभा होता. चारही पायांवर. ती पडली नव्हती. तिच्या खालची जमीन गेली होती आणि ती तशीच उभी राहून मेली होती. मी गाडीत चढलो ते पुढचा अर्धा कोस दोन्ही हातांनी गाडीचा साटा धरून बसलो. गाडीत बसलेल्या माणसाला जमीन गिळत नाही, असा काही नियम नाही हे मला कळत होते.

एका सखल जागी आदल्या दिवशी चार थेंब पडले असावेत. जमीन वरून कोरडी, गुळगुळीत दिसत होती. चाक त्यात गेले आणि पिठाच्या गोळ्यासारखे जाड होऊन थांबले. बैल घसरून गुडघ्यावर आला. मी जोर लावायला उतरलो, तर माझा डावा पाय घोट्याच्या वर गेला आणि परत आला तो बुटाशिवाय. चांगल्या कातड्याचा, सोलापुरात भांडून घेतलेला बूट. हात घालून चाचपले तर बूटही लागेना आणि तळही लागेना.

इमाम पोट धरून हसला. "गया सेठ! अब करो उस्से भाव!"

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण बूट सोडून आम्ही निघालो.

वस्तीवर

अक्काची वस्ती म्हणजे एक छप्पर, काट्याचे कुंपण, आणि पलीकडे उपसलेल्या दगडमातीचा मोठा ढीग. ढिगावर मेंढ्या बसल्या होत्या, एकमेकींना चिकटून, काळ्या-पांढऱ्या. अक्का दारातच होती. वाळली होती. गुडघ्याला फडके बांधले होते. मला एका बुटात बघून दुसरी कोणी बहीण हसली असती. तिने तोंडावर बोट ठेवले आणि मान कलती केली.

तेव्हा मला ऐकू आले. जमिनीखालून. टक्. टक्. टक्.

"वाजतुया तवर बरं," ती हळूच म्हणाली. "ये, हात धू."

तिने हुलग्याचे माडगे केले होते, कडक भाकरी, शेंगांची चटणी. मेंढीच्या दुधाचा चहा केला, त्यालाही पाण्याचा खारटपणा होता. पिण्यापुरते गोडे पाणी ती दीड कोसावरून डोक्यावर आणते, त्या गुडघ्याने. विहिरीचा हट्ट दाजींनी त्यापायीच धरला होता. दसऱ्यानंतर मेंढरे घेऊन लांब जायचे, बायको वस्तीवर एकटी, हे त्यांना यंदा नको होते. हे कळल्यावर मला राग कमी यायला हवा होता, तो आला नाही.

जेवताना अक्का मधेच चावायची थांबे. टकटक थांबलेली असे. तिचा घास गालात तसाच. मग पुन्हा टक् होई, आणि ती चावू लागे. मीही तसेच करू लागलो हे मला जरा वेळाने कळले. दोघे बहीणभाऊ, इतक्या दिवसांनी समोरासमोर, आणि बोलणे असे काही नाही.

"मेंढ्या ढिगावर का बसवल्या?" मी विचारले.

"मग कुटं बसवू? जरा शिंतोडा पडला की खालचं समदं चिखलतंय. खुरं कुजत्यात त्येंची. ह्या खपल्यांच्या ढिगावर तेवडं कोरडं ऱ्हातंय." तिला त्यात काही वावगे दिसत नव्हते. मेंढी जगली पाहिजे, एवढे ती माणसे आधी बघतात.

मी उठून ढिगाकडे गेलो. ढीग थेट खड्ड्याच्या काठावर रचलेला होता. पावसाचे लोंढे आत येऊ नयेत म्हणून दाजींनी कडेने बांध घातल्यासारखा तो चौफेर ओढला होता, आणि त्यावर सगळा कळप. ढिगाच्या पायथ्याशी जमिनीत एक चीर दिसली. बोटभर रुंद. ती जिकडे जाईल तिकडे मी गेलो. ती खड्ड्याभोवती वळत वळत गेली आणि जिथून निघालो तिथे मला परत घेऊन आली. वाकून मी तिच्यात बोट घातले. आतून गार वारा येत होता.

काठावरून

मी पोटावर झोपून डोके पुढे काढले. खाली अंधारात एक पांढरे डोके हलत होते.

"दाजी!"

टिकाव थांबला. "कोन हाय?"

"मी. सिद्राम."

 मग आवाज आला, "काय काडलंय, पाव्हणं? लोकर न्हाई औंदा."

"लोकर राहू द्या. वर या. कडेला चीर पडली आहे. सगळा काठ खाली येणार आहे."

"कामाच्या वक्ताला पाव्हण्यानं सावलीत बसावं, घोटभर चा प्यावा."

"दाजी, मी सांगतोय!"

"दुकानात सांगा. हितं माझा बा पुरलाय, मला सवळाचं ग्यान नगं." आणि मग जरा थट्टेने, "न्हाईतर तुमीच या की खाली. का धोतार मळंल?"

माझे डोके फिरले. "मरा मग तिथंच!" असे मी ओरडलो, आणि मागे वळलो तर अक्का उभी होती.  तिच्या खांद्यावरून मला नैर्ऋत्य दिसत होती. रोजचे ढग उभे होते, पण आज ते पांढरे नव्हते. खालचा भाग निळा-काळा झाला होता आणि वारा पडला होता. इमाम बैल जुंपू लागला होता.

"सेठ, मैं बोल्या था."

"थांब जरा. दुप्पट भाडं देतो." आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य उच्चारले.

विहिरीत पाणी लागावे म्हणून माणूस नवस करतो. त्या जागी पाण्याखेरीज भिण्यासारखे काही नव्हते. वरून आले तरी तेच, खालून आले तरी तेच. ती माती कोरडी आहे तोवर भिंत म्हणून उभी होती. भिजली की माझ्या बुटाचे जे झाले तेच.

मी उरलेला बूट काढला, दोर धरला आणि भिंतीतल्या खोबण्यांत पाय ठेवत उतरू लागलो.

खाली

वरची माती कमरेइतकी, ती लगेच संपली. मग नुसते पापुद्रे. पाठ घासली की ते सळसळत खाली जात आणि बऱ्याच वेळाने पडल्याचा आवाज येई. मी मोजायचे सोडून दिले. वर आकाशाचा तुकडा ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा. त्या वाटीच्या कडेवर मेंढीचे तोंड आले, माझ्याकडे बघितले आणि गेले. तिच्या खुराने उडालेले चार खडे माझ्या कपाळावर पडले.

खाली दाजी भिंतीला टेकून उभे होते. अंगभर पांढरी माती, डोळे तेवढे लाल. मला बघून त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला, हे मला अजून आवडत नाही.

"आला व्हय! बगा, बगा हितं." त्यांनी माझा हात धरून भिंतीला लावला. भिंत ओली होती. "घाम फुटलाय तिला. सांच्याला पाणी लागतंय बगा, पाव्हणं." त्यांनी बोट फिरवून जिभेला लावले. "गोड हाय."

मी चाखले. कडू-खारट, साबणासारखे. आणि मी हात लावला होता तिथला दगड माझ्या बोटांसरशी चिखल होऊन ओघळला. मागे कुठेतरी काहीतरी सुटून पडले. दाजींनी वळूनही पाहिले नाही.

"दाजी, हात जोडतो. चला."

"हात जोडता? मांडवात कुटं जोडला हुता हात?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सोयरीक ठरवाया माझ्या अंगणात बसून, चार पाव्हण्यांम्होरं काय बोलला तुमी? ह्या पांढऱ्यावर कुत्रंबी मुतायचं न्हाई. पोरीच्या सासऱ्याम्होरं. मग तसल्या मान्साला तिच्या पाठी हुबा करू?"

"खोटं बोललो होतो का?"

"न्हाई. खरंच हुतं. म्हनून तर लागलं."

असे म्हणून त्यांनी टिकाव उचलला. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते आणि मी बोललोही असतो, रात्रभर बोललो असतो. पण वरून गडगडल्याचा आवाज आला. तो कानाला आला नाही, पाठ टेकलेल्या भिंतीतून आला.

 ओरडून हा माणूस निघायचा नाही, हात जोडूनही नाही. एकच गोष्ट मला येते. मी घसा साफ केला.

"दाजी, ही विहीर अर्धी मला विका."

टिकाव वरच राहिला. "काय म्हनला?"

"अर्धी. पाणी लागल्यावर तुम्ही भाव चढवणार. मला आज घ्यायची आहे." आणि विकत घ्यायच्या मालाची मी स्तुती करू लागलो, हेही माझ्या हातून कधी झाले नव्हते. पाणी गोड आहे म्हणालो. जागा मोक्याची आहे म्हणालो. सरहद्दीवरचे सगळे कळप इथे पाण्याला येतील म्हणालो. बोलता बोलता माझे दात वाजत होते.

दाजी माझ्याकडे बघत राहिले. सिद्राम बुडीत माल घेत नाही हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. गावाने ज्यांना येडे ठरवले होते त्यांच्या तोंडावर हळूहळू उजेड पसरत गेला.

"किती देताय?"

"इथं कसं सांगू? साक्षीला माणूस नाही, वर कापड नाही. असा कुठं सौदा होतो?"

 "बराबर हाय," ते म्हणाले, आणि टिकाव भिंतीला नीट टेकवून ठेवून दोर धरला.

कापडाखाली

ज्यांनी मेंढरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर कापड टाकतात आणि कापडाखाली बोटे धरून आकडा सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. नको असेल तर देणारा बोटे झटकतो. हवे असेल तर हात दाबतो. साक्षीदारासमोर एकदा हात दाबला की सौदा झाला. मग वीज पडो, तो मोडत नाही. मोडणाऱ्याच्या दारी पुन्हा कोणी माल घेऊन येत नाही.

छपराच्या पुढे, काठापासून जेवढे लांब नेता आले तेवढे लांब, मी दाजींना बसवले. त्यांनी डोक्याचा पटका सोडून हातांवर टाकला. इमामला साक्षीला बसवले. तो एक डोळा बैलांवर आणि एक ढगावर ठेवून होता.

मी त्यांचे एक बोट धरले. त्यांनी झटकले. मी दुसऱ्यांदा तेच धरले. त्यांनी हसून झटकले. मला सौदा लवकर व्हायला नको होता, आणि तुटायलाही नको होता. तुटला तर ते खाली जाणार. झाला तर आनंदाने खाली जाणार. मी बोट धरून ठेवले आणि बोलत राहिलो. पाण्याची पाळी कशी लावायची, मोट कोणाची, कडेला झाडे कोणती.

"जल्दी करो, सेठ," इमाम म्हणाला. "ये क्या बाजार लगाया!"

अक्का मेंढ्या ढिगावरून हाकून आमच्याकडे आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तिला कळले. ती दाजींच्या शेजारी खाली बसली.

"गडबड करू नगासा," ती नवऱ्याला म्हणाली. "आपला शिदू असला म्हनून काय झालं, यापारी हाय त्यो. नीट बगून ईका."

तिच्या मागे मेंढ्या पुन्हा एकेक करून ढिगावर चढत होत्या. गडगडले की त्यांना उंच, कोरडी जागा हवी असते.

मी दोन बोटे धरली. झटकली. मग पहिला थेंब पटक्यावर पडला, रुपयाएवढा. मग दुसरा. दाजींनी मान वळवली.

"टिकाव खाली ऱ्हायलाय माझा. आनतो वर, मग बोलू. पळून जाईत न्हाई." आणि ते उठू लागले. कापडाखालून त्यांचा हात माझ्या हातातून सरकू लागला, मातीने बुळबुळीत झालेला.

मी पाचही बोटे पंजासकट धरली.

ते अर्धे उठलेले तसेच राहिले. बाजारात तो आकडा कोणी सहसा धरत नाही. त्या पैशात ती वस्ती, तो कळप आणि वर इमामची गाडी आली असती. दाजी परत खाली बसले. माझ्या डोळ्यांत बघितले. पाऊस आता दोघांच्या तोंडावर वाजत होता. त्यांनी माझा हात दाबला.

आणि त्यांच्या मागे ढीग खाली बसला. फार मोठा आवाज झाला नाही. कोणी खूप वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तसे काहीतरी झाले. काठ गोल, चिरेच्या रेषेवरून, सगळा एकदम आत गेला, त्यावरच्या मेंढ्यांसकट. बाकीच्या उधळल्या. आतून जरा वेळ बें-बें ऐकू आले, मग ते पातळ होत गेले, मग नुसता पाऊस.

कोणी उठले नाही. अक्काने पदर तोंडात कोंबला होता. कापडाखाली दाजींनी माझा हात इतका आवळला होता की नखे रुतली. 

सकाळी

सकाळी खड्ड्याच्या जागी एक पसरट खळगा होता आणि त्यात दुधासारखे पांढरे पाणी उभे होते. वाचलेल्या मेंढ्यांनी ते हुंगले आणि तोंड फिरवले. दाजी काठापासून लांब, उकिडवे बसून बघत होते. मेलेल्या मेंढ्यांची नावे ते तोंडातल्या तोंडात घेत होते. मी निघायची तयारी केली.  माणूस वर होता, तेवढे पुरे होते.

"पाव्हणं," ते मागे न बघता म्हणाले, "सौदा झालाय."

मला आधी कळलेच नाही. "कसला सौदा? विहीर कुठं आहे?"

"जागा हाय की." त्यांनी हात पसरला. "तकडं पावसानं कापलेल्या वगळीच्या अंगाला जरा काळवंडल्यागत दिसतंय बगा. तितं लागंल पानी. पैका आला की वडार बलवून चांगला दगडी काठ बांदू. अर्दी तुमची, अर्दी माझी."

मी इमामकडे पाहिले. तो पान लावत होता. "हाथ दब्या सेठ," तो शांतपणे म्हणाला. "मैं देख्या. बोलना पडताच ना मेरे कू."

मी ओरडलो. बराच वेळ ओरडलो. बैल बिचकले. पण ओरडताना मला ठाऊक होते की सिद्रामने कापडाखालचा शब्द मोडला हे एकदा बाजारात गेले, तर पुढच्या कातरणीला नवी पेठेत माझ्या पायरीवर लोकरीचा पुंजकाही येणार नाही. ज्या माणसाला वर काढायला मी तो आकडा धरला, त्यालाच पुन्हा खाली उतरवायचा पैसा मी देणार होतो. अक्काकडे बघितले. तिने मान खाली घातली.

पैसे मी पाठवले. लग्नातल्या मानाबद्दल दाजी काही बोलले नाहीत, मीही विसरलेलो नाही.

आता सोलापुरात रोज दुपारी ढग येतात. सगळी पेठ पायरीवर जाऊन वर बघते. मी आत, लोकरीच्या पोत्यांमागे जाऊन बसतो. परवा तोच सरहद्दीचा धनगर घोंगडी घ्यायला आला. मी भाव न करता विचारले, "दाजींचं काय?"

त्याला वाटले, मी पाण्याची वाट बघतो आहे. त्याने कळवळून मान हलवली. "न्हाय ओ शेट. लई खोल गेल्यात, पर पानी अजून न्हाय लागलं."

"बरं झालं," मी म्हणालो.

त्याने घोंगडी परत ठेवली आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मी कोणाच्या तरी मरणावर बोललो आहे.